विंडोजवरच्या डीबग बिल्डमध्ये गेलेले चार दिवस

लिनक्सवर डीबग बिल्ड (चुका शोधता याव्यात म्हणून बांधलेली प्रोग्रामची आवृत्ती) हवं असेल तर एक शब्द बदलायचा आणि पुन्हा कंपाइल करायचं. त्याच सवयीने मी विंडोजवर गेले आणि चार दिवस अडकून पडले. तुमचा गाभा सी प्लस प्लसमध्ये असेल, वरून तो पायथनमधून वापरला जात असेल आणि दोन्हीकडे चालायला हवा असेल, तर हे वाचाच.

आमचा प्रवाहाचं सिम्युलेशन करणारा प्रोग्राम विंडोजवर ६४०च्या घनाकृती ग्रिडवर चालायचा. ६५०ची ग्रिड दिली की कोसळायचा. लिनक्सवर दोन्ही नीट. डीबगरमध्ये बघावं म्हणून व्हिज्युअल स्टुडिओत डीबग निवडलं. टेम्प्लेटने भरलेल्या एका फाइलीला बिगऑब्ज फ्लॅग (मोठी ऑब्जेक्ट फाइल चालवून घेणारा पर्याय) द्यावा लागला, बाकी कंपाइल सरळ झालं. लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा प्रोग्राम) मात्र थांबला: एलएनके११०४, 'पायथन३११_डी.लिब' उघडता येत नाही.

ही फाइल मी कुठेच मागितलेली नव्हती! सीमेकच्या (बिल्ड ठरवणाऱ्या साधनाच्या) फाइली चाळल्या, प्रोजेक्टची सेटिंग्ज बघितली, कॅशे पुसून नव्याने कॉन्फिगर केलं. एरर तीच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पायथनची पायकॉन्फिग हेडर उघडली तेव्हा कळलं. '_डीबग' मॅक्रो असला की ही हेडरच एका प्रॅग्मा ओळीतून (कंपायलरला दिलेल्या सूचनेतून) ती लायब्ररी मागते. आणि एमडीडी फ्लॅग (डीबगचा रनटाइम, म्हणजे सी प्लस प्लसची मूळ लायब्ररी, निवडणारा) दिला की कंपायलर तो मॅक्रो आपणहून लावतो.

मग मी साध्या लिबची प्रत करून तिला '_डी' नाव दिलं. हे अजिबात करू नका. त्याच हेडरमुळे पायथनचा स्वतःचा डीबग मोडही चालू होतो, आणि रेफरन्स तपासणारी त्याची फंक्शन्स साध्या लिबमध्ये नसतात. परिणाम, एलएनके२०१९, म्हणजे फंक्शन सापडत नाही.

पायथनच्या इन्स्टॉलरमध्ये डीबग बायनरीजचा पर्याय असतो, तो टिक केला. आता एलएनके२०३८, म्हणजे जोडायच्या तुकड्यांची सेटिंग्ज जुळत नाहीत: इटरेटर डीबग लेव्हल एकीकडे ०, दुसरीकडे २. मेशसाठी घेतलेली तयार लायब्ररी फक्त रिलीजची (नेहमीच्या वापराची, वेगवान) होती. तीही अर्धा दिवस घालून डीबगमध्ये बांधली. लिंक झालं, आणि नमपाय (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) इम्पोर्ट होईना, कारण डीबग पायथन '_डी.पायडी' असा शेवट असलेलीच मॉड्यूल्स शोधतो. त्या क्षणी मला खरंच रडू आलं.

मुळात विंडोजवर डीबगचा रनटाइमच वेगळा असतो. त्यात व्हेक्टरची मेमरीतली रचनासुद्धा बदलते, म्हणून डीबग आणि रिलीजच्या सी प्लस प्लस लायब्ररी एकत्र नांदत नाहीत. लिनक्सवर नेहमीच्या डीबग बिल्डमध्ये ही फाळणी नसते.

चौथ्या दिवशी डीबगचा नाद सोडला आणि सीमेकचं 'रिलविथडेबइन्फो' घेतलं, म्हणजे रिलीजच पण डीबगरला लागणाऱ्या माहितीसह. त्याच्या फ्लॅगमध्ये ओटूच्या जागी ओडी लिहिलं, म्हणजे ऑप्टिमायझेशन बंद. एनडीबग काढून टाकलं, म्हणजे असर्ट (अट मोडली की प्रोग्राम थांबवणाऱ्या तपासण्या) चालू. रनटाइम एमडीच (रिलीजचाच) ठेवला, त्यामुळे '_डीबग' कुठेच लागत नाही. साधा पायथन, साधं नमपाय, मेशची तयार लायब्ररी, सगळं जसंच्या तसं चाललं आणि डीबगरमध्ये एकेक ओळ पुढे सरकवता आली. एक सांगायचं राहिलं: व्हिज्युअल स्टुडिओ जनरेटर वापरताना सीमेकला बिल्ड टाइप देऊन उपयोग नाही, बिल्डच्या कमांडला 'कॉन्फिग' द्यावं लागतं. मी तेही आधी चुकवलं होतं.

पुढच्याच रनला आयगेनच्या (मॅट्रिक्सच्या सी प्लस प्लस लायब्ररीच्या) असर्टने पकडलं: इंडेक्स ऋण. बाइटमधला ऑफसेट (मेमरीतलं अंतर) 'लाँग' या पूर्णांकाच्या प्रकारात मोजला होता. विंडोजवर लाँग ३२ बिटांचा, ६४ बिटांच्या लिनक्सवर ६४ बिटांचा. ६५०चा घन गुणिले ८ (एका आकड्याचे बाइट) म्हणजे २,१९,७०,००,०००, आणि चिन्हासह ३२ बिटांत जास्तीत जास्त मावतात २,१४,७४,८३,६४७. तिथे 'इंट६४_टी' लिहिलं. एवढाच बदल!

ओडीवर ६५०ची ग्रिड फार सावकाश चालते, पण ऑफसेटचं गणित सुरुवातीलाच होत असल्याने मला थांबावं लागलं नाही. तुमचा बग बऱ्याच पायऱ्यांनंतर येत असेल तर फक्त संशयित फाइलीला ओडी द्या, बाकीच्यांना ओटूच राहू द्या.