टिपरचं ऑइल, दोन सीलं आणि आईची पावडर

चवथ झाली, पाऊस जरा ओसरला, टिपर शेडमधून बाहेर काढला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सकाळी आईची हाक, अरे तुझ्या गाडीने अंगण घाण केलं बघ. गेल्याच वर्षी पेव्हर घातलेत, त्यावर भाकरीएवढा काळा डाग. खाली वाकून बघितलं तर बेल हाउसिंगच्या खालच्या भोकातून थेंब पडतोय, इंजिन आणि गिअर बॉक्स जोडतात ना, बरोबर तिथून. बोटावर घेऊन वास घेतला, गिअर ऑइल असतं तर गंधकासारखा उग्र वास आला असता, हे साधं काळं इंजिन ऑइल होतं.

आता या जागेवरून इंजिन ऑइल पडलं की कुठलाही माणूस डोळे मिटून एकच सांगणार, क्रँकचं मागचं सील गेलं, म्हणजे इंजिनच्या फिरत्या मुख्य दांड्याच्या मागच्या टोकाला तेल अडवणारी कडी. मलाही तेच वाटलं, गॅरेजवाल्यालाही तेच वाटलं, आणि इथेच आमची दोघांची माती झाली.

गाडी बाबांनी २००८ मध्ये घेतलेली, खाणीचं लोहखनिज चीनला जात होतं तेव्हा आमच्या गोव्यातल्या डिचोली-साखळी भागात ज्याच्याकडे टिपर नाही त्याला वेडा म्हणायचे. २०१२ ला खाणी बंद झाल्या, मग थोड्या चालू झाल्या, २०१८ ला परत बंद, तेव्हा रस्त्याच्या कडेने गाड्यांची रांगच्या रांग उभी असायची, टायरमधून गवत आलेलं. आमची त्यातून वाचली ती चिरे आणि खडीच्या भाड्यावर. इंजिन सहा सिलेंडर ५.९ लिटरचं कमिन्स, हे इंजिन मरत नाही असं ड्रायव्हर लोक म्हणतात आणि ते खोटं नाही. पण उभी गाडी चालत्या गाडीपेक्षा लवकर बिघडते हे पण तेवढंच खरं.

तर गॅरेज. जॉइंट सोडला, गिअर बॉक्स उतरवला, क्लच काढला, क्रँकच्या मागचं जड चाक म्हणजे फ्लायव्हील काढलं, सील बदललं, परत सगळं चढवलं. दोन दिवस गाडी आत आणि साडेसहा हजार बाहेर. दहा दिवसांत परत थेंब! परत गेलो, तर म्हणे क्रँकवर खाच पडली असणार. परत सगळं उतरवलं. या वेळी मी बाजूलाच उभा राहिलो आणि नवीन सीलच्या पाकिटातला कागद वाचला, त्यात स्पष्ट लिहिलंय की सीलची कडा आणि शाफ्ट दोन्ही कोरडे ठणठणीत पाहिजेत, तेल ग्रीस काही लावायचं नाही. पहिल्या वेळी गॅरेजच्या पोराने माझ्यासमोर बोटाने तेल फिरवून घातलेलं. चूक त्याची तरी कशी म्हणू, जुन्या रबरी सीलांना तेल लावूनच घालायचे, हात तसा बसलेला. ही नवी टेफ्लॉनच्या कडेची सीलं वेगळी, ती कोरड्या शाफ्टवरच बसतात. क्रँकवर नखाला लागेल अशी खाच पण नव्हती. दुसरं सील कोरडं घातलं, मी स्वतः शाफ्ट पुसून दिला, आणि तरीसुद्धा पाचव्या दिवशी थेंब. तेव्हा मात्र डोकं फिरलं.

मग बाबा म्हणाले तू मेस्त्रीकडे जा. मेस्त्री म्हणजे खाणीच्या काळात रात्री बारा वाजता रस्त्यावर गाडी उभी करून हेड उतरवणारा माणूस, आता वय झालं, घरच्या मांडवाखाली थोडंफार काम करतात.

त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. पहिलं विचारलं, "उभी असताना गळते की चालवून आल्यावर?" मी म्हटलं चालवून आल्यावर, आणि घाट चढून आलो की जास्त, चोर्ला घाटाला भरून गेलो की अर्धा लिटर तरी कमी होतं. "मग उभ्या गाडीत काय शोधतोस रे बाबा." हाउसिंगचं खालचं झाकण काढून त्यांनी आत टॉर्च मारला आणि मला म्हणाले बघ. फ्लायव्हीलवर क्लचची कोरडी करडी धूळ. सील गळत असतं तर ही धूळ भिजून चिखल झाली असती, फ्लायव्हीलने तेल गोल उडवलं असतं, एव्हाना घाटात क्लच घसरायला लागला असता. तेल आतून येतच नव्हतं, बाहेरून ब्लॉकवरून वाहत येऊन हाउसिंगला वळसा घालून त्या भोकापाशी टपकत होतं. दोन वेळा गिअर बॉक्स उतरवला आणि हे झाकण कोणी नीट बघितलं नाही, मी पण नाही.

मग इंजिन डिझेलने धुतलं, साबणाने धुतलं, हवा मारून सुकवलं, आणि मेस्त्री म्हणतात पावडर आण. मला वाटलं कसली स्पेशल पावडर, तर म्हणे तोंडाला लावायची. आईचा डबा नेला. ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना, हेडच्या खाली, टर्बोच्या रिटर्न पाईपपाशी, खालच्या ऑइलच्या चेंबरच्या कडेला सगळीकडे पावडर फुकली, सहा सिलेंडरचं इंजिन एकदम नवरदेवासारखं दिसायला लागलं. वीस मिनिटं न्यूट्रलवर चालू ठेवलं, काही नाही, पांढरंशुभ्र. मग खडी भरली, केरीवरून घाटाची सात-आठ वळणं चढलो, वळवून खाली आलो आणि बॉनेट उघडलं. डाव्या बाजूला डिझेलच्या पंपाच्या मागे पावडरीत एक काळी रेघ, वरून खाली आणि मग तिरकी मागे, फॅनच्या वाऱ्याने ढकललेली. सगळ्यात वरची ओली जागा तीच गळतीची जागा, खालचं सगळं वाहून आलेलं. रेघ सुरू होत होती टॅपेट कव्हर म्हणजे ब्लॉकच्या साइडचं झाकण, त्याच्या गॅस्केटपासून, पंपाच्या आड असल्यामुळे आरशाशिवाय दिसतच नाही.

मी म्हटलं चला, गॅस्केट बदलू, सुटलो. मेस्त्री म्हणाले, "गॅस्केट का गेलं ते सांग आधी."

इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल केलं तर फुस्स करून हवा आली, झाकण उलटं नुसतं ठेवलं आणि रेस दिली तर उडून पडलं. डिपस्टिक पण अर्धा इंच वर आलेली, ती मी कितीदा खाली दाबली असेल पण डोक्यात प्रकाश पडला नव्हता. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस खाली चेंबरमध्ये येतोच, नव्या इंजिनात पण येतो, तो ब्रिदरच्या पाईपातून बाहेर जातो. वाट बंद झाली की आत दाब वाढतो आणि जिथे गॅस्केट कमजोर तिथून तेल बाहेर ढकलतो. मी घाबरलो, रिंगा गेल्या म्हणजे इंजिन खोलायचं, लाखाचा खड्डा. मेस्त्री गाडीखाली सरकले, ब्रिदरचा रबरी पाईप चाचपला आणि हसायला लागले.

पाईपाच्या तोंडात कुंभारणीने घर बांधलेलं. तीच ती माशी, मातीचे गोळे आणून भिंतीवर घर बांधते ती. पावसाचे तीन महिने गाडी शेडमध्ये, बाईला आयती भाड्याची खोली मिळाली. तारेने माती फोडली तर आत वाळलेले कोळी निघाले, पोरांसाठी साठवलेले. पेन्सिल जाईल एवढीच वाट राहिलेली, न्यूट्रलला ती पुरायची, घाटात भरून चढताना पुरायची नाही. पाईप धुऊन लावला, झाकण परत उलटं ठेवलं, रेस दिली, जागच्या जागी थरथरलं, उडालं नाही. रिंगा शाबूत. तेव्हा कुठे मी चहा प्यायलो.

टॅपेट कव्हरला हात पोचायला पंप उतरवावा लागला, इंजिन ठरलेल्या जागी धरून ठेवणारी टायमिंगची पिन लॉक करून. ती पिन नंतर मागे ओढायला विसरलात तर स्टार्टर मारताच तुटते, म्हणून मेस्त्रींनी पिन लावल्या लावल्या गाडीची चावी काढून स्वतःच्या खिशात टाकली. जुनं गॅस्केट हाताने मोडलं, बिस्किटासारखं. नवीन घातलं, सिलिकॉन अजिबात नाही, जादा सिलिकॉन आत गळून ऑइलच्या जाळीवर जाऊन बसतो म्हणे. एक दिवसाचं काम. त्यानंतर चोर्ल्याच्या चार फेऱ्या झाल्या, रात्री खाली पुठ्ठा ठेवतो, कोरडा.

मी पाईपाला बारीक जाळी लावणार होतो, ती त्यांनी लावू दिली नाही, तेलाच्या वाफेने चिकटून तीच बंद होते. आता गाडी पावसाळ्यात उभी केली की तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी बांधायची आणि चावी त्या पिशवीच्याच दोरीला, म्हणजे पिशवी सोडल्याशिवाय गाडी चालू होणार नाही.

कुंभारणीने आता आमच्या मीटरच्या पेटीवर घर घेतलंय. मी मोडायला गेलो तर आईने अडवलं, कुंभारणीने घर बांधलं की घरात पाळणा हलतो म्हणे. अगं आई, आधी माझं लग्न तर होऊ दे.