एक वर्ष पुढचं माणूस

सातारा, रविवार, रात्री उशिरा

आज बैठक लांबली. पावसामुळे कुणालाच निघता येईना, त्यामुळे एरवी घाईत राहून जातं ते सगळं बोलून झालं. विसरायच्या आत लिहून ठेवते.

आम्ही सगळे शिवाजी विद्यापीठाचे संशोधक विद्यार्थी. विद्यापीठ कोल्हापूरला, आम्ही इथे. कुणी संशोधन केंद्र असलेल्या कॉलेजात, तर कुणी सीएचबीवर, म्हणजे तासाच्या मानधनावर, तास घेऊन उरलेल्या वेळात पीएच.डी. करणारं. एका विषयाचे एका ठिकाणी फार तर दोघंतिघं. कॅम्पसवर राहणाऱ्यांना मेसमध्ये जेवता जेवता कितीतरी गोष्टी कळतात : सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) किती पानांचा चालतो, कोणता फॉर्म कधी भरायचा, समिती पहिला प्रश्न काय विचारते. साताऱ्यात ते कानावर पडायला वाटच नाही. कुणीतरी मुद्दाम सांगावं लागतं. म्हणून ही रविवारची बैठक.

आज दहिवडीकडची एक नवीन मुलगी आली होती. अर्थशास्त्राची. कोर्सवर्क नीट पार पडलं, आता सल्लागार समितीपुढे सहामाही प्रेझेंटेशन आहे, आणि गाईडनी विचारलंय की तुझ्या कामात नवीन काय. विषय आहे ‘माण तालुक्यातील दुष्काळाचे आर्थिक परिणाम’. ती म्हणाली, “ताई, यावर सगळं लिहून झालंय. मी नाव काढून घ्यावं म्हणते.”

मी काही बोलायच्या आत वनस्पतिशास्त्राच्या दादांनी लॅपटॉप उघडून त्यांचं स्वतःचं पहिलं प्रेझेंटेशन तिच्यापुढे ठेवलं. त्यांचा प्रबंध आता सादर झालाय, कासच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, कुठे काय उगवतं ते त्यांना तोंडपाठ आहे. आणि पहिली स्लाइड? ‘सातारा जिल्ह्यातील वनस्पतींचा अभ्यास’. अख्खा जिल्हा! पुढच्या पानापानावर गाईडच्या लाल खुणा. तिथून काम हळूहळू आवळत गेलं, आधी सडे, मग सड्यांवरची पावसाळी डबकी, आणि शेवटी त्या डबक्यांत वाढणारा वायतुरा. त्याचं शास्त्रीय नावच ॲपोनोजेटॉन सातारेन्सिस. हे कसं कसं होत गेलं, किती महिने लागले, कुठे अडलं, ते त्यांनी एकेक स्लाइड पुढे सरकवत सांगितलं.

ती बराच वेळ त्या लाल खुणा बघत होती. मग सहज म्हणाली, २०१२-१३ च्या दुष्काळात ती लहान होती, आईबरोबर जनावरांच्या छावणीत राहिली होती. वडील कामाला पुण्याकडे. छावणीत बायका दुधाचे, पेंडीचे, उसनवारीचे हिशेब तोंडी ठेवायच्या. सगळ्यांनी एकदमच तिच्याकडे पाहिलं. हे कुणी लिहिलंय का? तिला माहीत नव्हतं. मग शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, बसून तासभर जुने प्रबंध चाळले. छावण्यांवरचं थोडं सापडलं, पण घरातल्या बायकांच्या जमाखर्चावर आज तरी काही हाती लागलं नाही. ती उद्या गाईडना फोन करणार आहे.

मला हे पुन्हा पुन्हा दिसतं, की इथे उपयोगी पडतं ते फार मोठं झालेलं माणूस नव्हे, एक वर्ष पुढचं माणूस. गाईड ज्ञानी असतात, मायेचेही असतात, पण ते हा घाट इतक्या वर्षांपूर्वी चढलेत की पहिलं वळण कुठे अवघड होतं ते आता त्यांना आठवत नाही. शिवाय नियमाप्रमाणे एका प्राध्यापकाकडे आठपर्यंत विद्यार्थी असू शकतात, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायक प्राध्यापकाकडे चार. वर त्यांचे तास, पेपर तपासणी, कॉलेजच्या नॅक मूल्यांकनाचं काम. प्रत्येक साध्या शंकेसाठी त्यांचं दार वाजवायचं धाडस होत नाही, आणि साध्या शंकाच माणसाला थांबवतात.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट अजून टोचते. एका मैत्रिणीला बाळ झालं. नोंदणी रद्द करायचा अर्ज तिने लिहूनही ठेवला होता. कार्यालयात तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. प्राणिशास्त्राच्या ताईंनी यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०२२ चे नियम काढून दाखवले : पीएच.डी.च्या संपूर्ण काळात मातृत्व आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा देता येते, आणि स्त्रियांना सहा वर्षांच्या कमाल मुदतीवर आणखी दोन वर्षांची सवलत मिळू शकते. हे छापील आहे, सगळ्यांसाठी खुलं आहे. पण बाळंतिणीने रात्री दोन वाजता ते पान कुठे शोधायचं? ताईंनी स्वतः ती रजा घेतली होती म्हणून त्यांना पान ठाऊक होतं. मैत्रीण आज बाळाला घेऊन आली होती. तिसरं प्रकरण लिहितेय.

माझ्यापुरतं सांगायचं तर मोडी ही जुनी लिपी मी अशीच शिकले. वर्गात अक्षरओळख झाली, पण खरी कागदपत्रं समोर आली तेव्हा काहीच लागेना. आधी ओळभर रेघ ओढलेली, तिला अक्षरं लटकवलेली, दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भरवसा नाही. शेजारच्या टेबलावरची एक सीनियर रोज माझ्याबरोबर अर्धा तास बसायची. मी मोठ्याने वाचायचे, ती लिहून घ्यायची, दुसऱ्या दिवशी उलट. ती म्हणायची, तुला समजावताना माझंच वाचन पक्कं होतंय. आता मी एका पहिल्या वर्षाच्या मुलाबरोबर बसते आणि तिचं म्हणणं पटतं. शिकवताना जिथे अडखळते, तिथे मलाच नीट कळलेलं नसतं.

कॉलेजांत मेंटॉर-मेंटी योजना असते. ती हवीच, आणि मनापासून राबवणारे शिक्षक मी पाहिले आहेत. पण तिथे एक सांगणारा आणि एक ऐकणारा. आमच्याकडे प्रत्येकाने आपलं अर्धवट पान टेबलावर ठेवायचं, हाच मुख्य नियम. स्पर्धा संपते ती तिथेच. सारथी, बार्टी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिरातीसुद्धा आता कुणी लपवून ठेवत नाही.

आणखी दोन गोष्टी आम्ही कटाक्षाने पाळतो. कुणाचं प्रकरण दुसऱ्याने लिहून द्यायचं नाही, कितीही घाई असो. आणि कुणी फार खचलेलं दिसलं, झोप-जेवण सुटलं, तर आपण डॉक्टर असल्यासारखं वागायचं नाही. टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक द्यायचा आणि फोन लावेपर्यंत शेजारी बसायचं.

या गावात हे सुचणं नवं नाही. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, जेवायची, बोर्डिंगची कामं स्वतः करायची. फुकट शिकायला मिळालं यापेक्षा तिथे कुणीच पाहुणा नव्हता, हे मला मोठं वाटतं. आमच्या टेबलावरही कुणी पाहुण्यासारखं बसू नये, चहा ओतण्यापासून संदर्भ तपासण्यापर्यंत.

शेवटी दादांचाच विषय निघाला. प्रबंध सादर झाला की माणूस नोकरीच्या मागे लागतं, आणि त्याच्याबरोबर सगळं शहाणपण निघून जातं. म्हणून ठरवलं, की व्हायव्हा, म्हणजे शेवटची तोंडी परीक्षा, झाल्यावरही प्रत्येकाने एक वर्ष यायचं, आणि आपली जुनी प्रेझेंटेशनं, गाईडच्या खुणांसकट, सगळ्यांसाठी ठेवून जायची. दादा लगेच हो म्हणाले. प्राणिशास्त्राच्या ताईंचं काही ठरत नाहीये, त्यांना नांदेडला जागा मिळायची शक्यता आहे. तिथून निदान फोनवर तरी त्यांनी बाळंतपणातून परतणाऱ्या मुलींशी बोलावं असं मला फार वाटतं. उद्या त्यांना विचारते.