आसावरीने सुखी व्हायला किती जणांची परवानगी घ्यायची?

मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून मी तिच्याकडे तीन आठवडे राहायला गेले होते आणि त्या तीन आठवड्यांत आम्ही दोघींनी झी फाइव्हवर 'अग्गंबाई सासूबाई' परत पहिल्या भागापासून बघायला घेतली. पहिल्यांदा आली तेव्हा मी रोज बघायचे, २०१९ च्या जुलैत सुरू झाली होती, रात्री साडेआठला, 'तुला पाहते रे' संपली त्याच जागी. आणि हे मला तेव्हाही जाणवलं होतं की त्या आधीच्या मालिकेत सुबोध भावेचा नायक वयाने चांगलाच मोठा आणि नायिका कॉलेजातून नुकती बाहेर पडलेली, ते लोकांनी आवडीने बघितलं, पण इथे दोघंही एकाच वयाचे, दोघंही समजूतदार, आणि तरी घराघरात चर्चा काय तर "या वयात शोभतं का हे".

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आसावरी कुलकर्णी म्हणजे निवेदिता सराफ, विधवा, अख्खं आयुष्य सासऱ्यांची शिस्त आणि मुलाचे लाड यात गेलेलं. मुलगा सोहम, ज्याला ती बबड्या म्हणते. सोहमची बायको शुभ्रा म्हणजे तेजश्री प्रधान, ती या घरात येते, सासूचं जगणं बघते आणि ठरवते की हिचं लग्न लावायचं. आणि ज्याच्याशी लावायचं तो अभिजीत राजे, गिरीश ओक, शेफ. मला ही कल्पना आजही फार सुंदर वाटते, म्हणजे जिने सगळ्यांना गरमगरम वाढलं आणि स्वतः शेवटी उरलेलं खाल्लं तिच्या आयुष्यात असा माणूस यावा ज्याचं कामच मुळी दुसऱ्याला करून घालणं आहे. आणि सासूचं कन्यादान सुनेने करावं असा विचार मराठी मालिकेत यावा, याचं मला खरंच कौतुक वाटलं होतं.

लग्न झालं २०२० च्या जानेवारीत. आणि तिथून पुढे जे सुरू झालं त्याबद्दल मला आज लिहायचंय.

लोकांना आठवतो तो बबड्या. लॉकडाउनमध्ये शूटिंग बंद पडलं आणि जुलैत नवे भाग परत सुरू झाले तेव्हापासून तर बबड्यावरच्या मीम्सने सगळ्यांचे फोन भरले होते, आशुतोष पत्कीने काम इतकं चोख केलं की लोक त्या मुलाचा मनापासून राग राग करायचे. पण दुसऱ्यांदा बघताना मला वेगळंच दिसलं. बबड्या स्वार्थी आहे हे आपल्याला पहिल्या आठवड्यातच कळतं, तो काही बदलत नाही, तो जे करणार ते करणारच. अडचण आहे ती आसावरीची. लग्न केलं, मंगळसूत्र घातलं, नवं घर आलं, पण ती मनाने एकदाही ठरवत नाही की आता मी या माणसाची बायको आहे. बबड्याने तोंड पाडलं की ही हलते, त्याने एक खोटी गोष्ट सांगितली की हिला अपराधी वाटायला लागतं, आणि प्रत्येक वेळी अभिजीत राजे समजून घेतात. समजून घेतात, परत समजून घेतात, आणि मालिका आपल्याला सांगते की बघा किती मोठ्या मनाचा माणूस आहे. मला तर त्यांच्याकडे बघून वाईट वाटायला लागलं, कारण ते स्वतःच्याच लग्नात पाहुण्यासारखे वावरत होते, आणि हे तिला कधी दिसलंच नाही.

म्हणजे बघा ना, लग्नाआधी तिला सासऱ्यांची परवानगी हवी होती, मुलाची हवी होती. ठीक आहे, इतक्या वर्षांची सवय आहे असं मी धरून चालले. पण लग्नानंतरही ती परवानगीच मागत राहते, फक्त आता शब्दांत मागत नाही. हसायची परवानगी, नवऱ्याबरोबर कुठे जायची परवानगी, मुलाला नाही म्हणायची परवानगी. आणि लेखकांनीही तिला ती कधी पूर्ण दिली नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

माझं हे मत आहे कारण मी एक असं लग्न अगदी जवळून बघितलंय. ज्या मावशीच्या घरी बसून आम्ही ही मालिका बघत होतो, तिचंच.

मावशी ४६ वर्षांची असताना काका गेले, हार्ट अटॅक. तिने दुसरं लग्न केलं ५८ व्या वर्षी. आत्ताचे काका विधुर, तिच्याच भजनी मंडळाच्या पेटीवाल्यांचे मित्र, अशी ती ओळख. त्यांची एक मुलगी आहे, लग्न झालेली. मावशीचा एक मुलगा, माझा मावसभाऊ, दादा. आणि दादा काही बबड्या नव्हता हे मला आधीच सांगायचंय. त्याने आरडाओरडा केला नाही, कारस्थान केलं नाही, तो फक्त गप्प झाला. "तुला जे योग्य वाटतं ते कर" एवढंच म्हणाला आणि मग चार महिने फोनवर फक्त तब्येतीची चौकशी. मावशी सांगते की ते ओरडण्यापेक्षा जड गेलं, ओरडला असता तर मी पण ओरडले असते आणि विषय संपला असता.

लग्न त्यांनी स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टखाली नोंदणी पद्धतीने केलं, त्यात तीस दिवसांची नोटीस लागते आणि ती नोटीस ऑफिसच्या बोर्डवर लावतात. दोघांची नावं, वयं, सगळं. मावशीला त्या तीस दिवसांत झोप लागायची नाही. ओळखीतल्या कोणीतरी ती वाचली आणि घरोघरी बातमी पोचली, त्यामुळे तिने ज्या नातेवाईकांना स्वतः जाऊन सांगायचं ठरवलं होतं त्यांच्यापर्यंत ती पोचायच्या आधी त्यांचेच फोन यायला लागले. एका नातेवाईक बाईंनी तिला विचारलं, "अगं पण आता गरज काय?" हा प्रश्न तिला जितका लागला तितकं दुसरं काहीच लागलं नाही.

आणि यावर मी खूप विचार केलाय. विधवेच्या पुनर्विवाहाचा कायदा आपल्याकडे १८५६ साली झाला. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी लग्न केलं, आणि त्यासाठी गावाने त्यांना वाळीत टाकलं. हे आपण शाळेत वाचतो आणि आपल्याला अभिमान वाटतो. पण त्या सगळ्या गोष्टीत विधवा तरुण असते, तिचं सगळं आयुष्य पुढे आहे म्हणून आपल्याला कळवळा येतो. बाई अठ्ठावन्न वर्षांची असली की तो कळवळा कुठे जातो? तिचं पुढचं वीस-पंचवीस वर्षांचं आयुष्य कोणी मोजतच नाही.

मालिकेत जे कधीच आलं नाही ते म्हणजे कागद. पहिले काका खाजगी कंपनीत होते, त्यामुळे मावशीला पीएफच्या पेन्शन योजनेतून विधवा म्हणून पेन्शन मिळायची. ती पुन्हा लग्न केलं की बंद होते, असा नियमच आहे. रक्कम फार नव्हती, पण ते तिच्या खात्यात दर महिन्याला येणारे तिचे स्वतःचे पैसे होते, ती स्वतः जाऊन लिहून देऊन आली की माझं लग्न झालंय, पेन्शन थांबवा. त्या दिवशी घरी येऊन ती रडली होती. पैशासाठी नाही, ती म्हणाली की असं वाटलं मी आज ह्यांचं शेवटचं काहीतरी परत करून आले.

आणि फ्लॅट. दादाच्या गप्प बसण्याचं अर्धं कारण फ्लॅट होतं हे आम्हाला नंतर कळलं, आणि ते त्याने सांगितलं नाही, वहिनीने सांगितलं. पहिल्या नवऱ्याकडून वारसाने आलेला हिस्सा दुसरं लग्न केलं म्हणून बाईच्या हातून जात नाही, तो तिचाच राहतो. पण ती मृत्युपत्र न करता गेली तर मुलांबरोबर तेव्हाचा नवराही वारस होतो. दादाच्या मनात हे होतं, वडिलांनी हप्ते भरून घेतलेल्या घरात उद्या परक्या माणसाचा वाटा निघेल. यात त्याचं काय चुकलं? काही नाही. भीती खरी होती, फक्त ती कोणी बोलून दाखवत नव्हतं. काकांनीच एक दिवस दादाला घरी बोलावलं आणि समोर कागद ठेवले. मावशीने मृत्युपत्र करून तिचा हिस्सा दादाच्या नावे लिहिला, काकांनी त्यांचं घर मुलीच्या नावे लिहिलं आणि त्यात एक कलम टाकलं की मावशीला तिच्या हयातीपर्यंत त्या घरात राहायचा हक्क असेल. त्या संध्याकाळी दादा पहिल्यांदा तिथे जेवला.

आता विचार करा, हे सगळं आसावरीच्या घरात का येऊ नये? बबड्याला आईच्या लग्नाची भीती का वाटते, त्याला काय गमवायचंय, हे एकदा शांतपणे टेबलावर बसून बोललं गेलं असतं तर केवढा मोठा भाग झाला असता तो, पण त्याला नुसता लबाड करून ठेवलं, आणि लबाड मुलगा असला की आईला एकच काम उरतं, फसायचं.

आणि नवरा-बायकोची आपसातली भांडणं? तीही नाहीत! आसावरी आणि अभिजीत एकमेकांशी भांडतात ते बहुतेक वेळा तिसऱ्यामुळे. मावशीकडे पहिलं वर्ष कसं गेलं ते मी बघितलंय. काकांना पहाटे पाचला उठून मोठ्याने बातम्या लावायची सवय, हिला सहापर्यंत शांतता हवी. काकांच्या पहिल्या बायकोने लावलेली डब्यांची रांग होती, त्यावर तिच्या अक्षरात चिठ्ठ्या होत्या, रवा, पोहे, साबुदाणा. मावशी वर्षभर त्याच डब्यांत सामान भरत राहिली, चिठ्ठी काढायचा धीर होत नव्हता, आणि काकांना वाटायचं हिला चालतंय. शेवटी एका चिठ्ठीवर तेल सांडलं आणि ती निघाली तेव्हा दोघंही स्वयंपाकघरात गप्प उभे होते. आणि पहिल्या काकांचा फोटो. मावशीने तो बॅगेत तळाशी साड्यांच्या खाली ठेवून आणला होता. काकांनी तो काढून हॉलमध्ये त्यांच्या बायकोच्या फोटोशेजारी लावला. मावशीला ते आवडलं नाही! तिला तो कपाटातच हवा होता, फक्त स्वतःसाठी. त्यावर आठ दिवस अबोला. दोघंही चांगली माणसं, दोघांचंही बरोबर.

अशी गोष्ट कोणी लिहिली तर मी रोज बघेन.

पुढे २०२१ च्या मार्चमध्ये 'अग्गंबाई सूनबाई' आली. शुभ्रा बदलली, सोहम बदलला, म्हणजे कलाकारच नवे. आजोबांचं काम करणारे रवी पटवर्धन २०२० च्या डिसेंबरमध्ये गेले, त्यांचं ते "कोंबडीच्या" अजून कानात आहे, सासऱ्यांच्या त्या रागातली माया त्यांनी फार छान दाखवली होती. नव्या मालिकेत आसावरी एकदम कंपनी चालवणारी झाली आणि अभिजीत घर सांभाळायला लागले. मला वाटलं आता तरी या दोघांचं काही बघायला मिळेल, बायको उशिरा घरी येते, नवरा ताट वाढून वाट बघतो, त्याला कधी वाईट वाटतं का, तिला कधी अवघड होतं का. पण गोष्ट पुन्हा सोहमकडे गेली, आता त्याचं लग्न आणि त्याचं लफडं. जिच्या लग्नासाठी एवढा घाट घातला तिच्या लग्नात नंतर कोणाला रसच उरला नाही.

'आई कुठे काय करते' मध्ये तर अरुंधतीला आशुतोष मिळाला, पंचवीस वर्षांच्या संसारातून बाहेर पडून तिने मनाने निवडलेला माणूस, आणि लग्नाला साधारण वर्ष होतंय तोवर अपघातात त्याला मारून टाकला. मी त्या दिवशी टीव्ही बंद केला तो परत लावलाच नाही त्या मालिकेसाठी. उतारवयातलं दुसरं लग्न लावून देण्यापर्यंत आपली हिंमत होते, पण ते चालवायचं कसं, रोजच्या रोज, हे लिहायला कोणी बसत नाही.

तर मावशीकडे आम्ही बघत बघत आसावरीच्या लग्नापर्यंत आलो. मुंडावळ्या बांधलेली निवेदिता सराफ बघून मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं, मी तिचा हात धरला. भाग संपला. मी पुढचा लावायला रिमोट घेतला तर म्हणाली, "नको. इथेच थांबू. उद्या परत पहिल्यापासून लाव."

"अगं पण पुढे काय होतं ते?" काका आतून येत म्हणाले, ते अधूनमधून दारात उभे राहून बघायचे.

"मला माहितीये काय होतं. तुम्हाला बघायचं तर तुम्ही बघा."

काकांनी मग खरंच बघितली. दुपारी ती झोपली की ते मोबाइलवर कानात इअरफोन घालून पुढचे भाग बघत बसायचे, आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी चहा गाळता गाळता तिला म्हणाले, "अहो, त्या राजेंनी एकदा तरी तिला स्पष्ट सांगायला हवं होतं ना?"

"काय सांगायला हवं होतं?"

"की मला पण वाईट वाटतं म्हणून."

मावशी काही बोलली नाही. वॉकर घेऊन हळूहळू हॉलमध्ये गेली आणि त्या दोन फोटोंसमोर थोडा वेळ उभी राहिली. मग मला हाक मारून म्हणाली, "ह्या फोटोवर धूळ बसलीये बघ, फडकं आण जरा. दोन्ही पुसून घे."