काम चालू, रस्ताही चालू : मनाली ते श्रीनगर, झांस्करमार्गे

चिपळूणच्या माणसाला 'काम चालू आहे' ही पाटी नवीन नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण आमच्या दारात आलं तेव्हा मुलगी शाळेत होती, आता ती नोकरीला लागलीय. परशुराम घाटात दरड आली की किती तास रस्ता बंद राहणार, याचा अंदाज आम्ही घरबसल्या बांधतो. त्यामुळे २०२५ च्या जूनअखेरीस मी, बायको आणि मेहुणा असे तिघे लडाखातल्या झांस्करला निघालो तेव्हा भीती होती ती उंचीची, रस्त्याची नव्हे. झालं उलटंच. उंची निमूट सोसली गेली आणि रस्त्याने आमचा सगळा कार्यक्रम दोनदा मोडला.

लेहला आम्ही गेलोच नाही, हे आधीच सांगून टाकतो. मनाली, जिस्पा, शिंकू ला ('ला' म्हणजे खिंड), पदूम, कारगिल, झोजिला, श्रीनगर असा मार्ग आखला. यात चार बोगदे येतात: दोन पूर्ण झालेले, एक अर्ध्या वाटेवरचा आणि एक नुकताच हाती घेतलेला. असा डोंगराळ मुलूख बांधकामाच्या ऐन धामधुमीत बघायला मिळतो तो आत्ताच.

मनालीबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, गर्दी आहे. तिथून निघालं की अटल बोगदा. ९.०२ किलोमीटर, ३ ऑक्टोबर २०२० ला खुला झाला. रोहतांगची खिंड टळली आणि मनाली-लेह अंतर ४६ किलोमीटरने कमी झालं. आत गाडी थांबवणं, फोटो काढणं, ओव्हरटेक करणं मना आहे आणि कॅमेरे आहेत, तेव्हा चालकाला उगाच आग्रह करू नका. हिरव्या देवदारातून आत शिरलेली गाडी बारा-पंधरा मिनिटांत लाहौलच्या उघड्याबोडक्या डोंगरांत बाहेर येते. आमचा चालक केलाँगचा. म्हणाला, पूर्वी हिवाळ्यात कुलूला दवाखान्यात जायचं तर हेलिकॉप्टरच्या यादीत नाव लागायची वाट बघत बसायचो. आता? आता सिस्सूला रविवारी पार्किंगला जागा मिळत नाही. दोन्ही गोष्टी त्याने एकाच सुरात सांगितल्या.

तांदीच्या पंपावर टाकी काठोकाठ भरा. तिथली 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर' ही पाटी प्रसिद्ध आहे, पण ती लेहच्या जुन्या रस्त्यासाठी. झांस्करला जाणाऱ्याला पदूममध्ये पंप मिळतो, म्हणजे तांदीपासून दोनशेच्या आतच. तरी एक कॅन सोबत असू द्या. टँकर वेळेवर आला नाही तर पदूमचा पंप कोरडा असतो.

जिस्पाला दोन रात्री काढल्या. इथे दिवसांची काटकसर करू नका. साडेदहा हजार फुटांवर दोन रात्री राहून शरीर सरावलं तरच पुढची साडेसोळा हजारांची खिंड अंगावर येत नाही. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, व्हॉट्सॲपवरच्या मित्राला विचारून नको.

तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला निघालो. दारच्याला रस्ता फुटतो, एक बारालाचा लाकडे, एक शिंकू लाकडे. हा दुसरा म्हणजे निम्मू-पदूम-दारचा रस्ता, २९८ किलोमीटर. झांस्कर नदीच्या घळीतला शेवटचा तुकडा जोडून मार्च २०२४ मध्ये तो सलग झाला. 'सलग झाला' म्हणजे गाडी जाते, एवढाच अर्थ घ्यायचा. कुठे गुळगुळीत डांबर, कुठे फक्त खडी, आणि कुठे नाला स्वतःच रस्ता. नकाशावर तिन्हींची रेघ एकाच रंगाची असते, आणि आम्ही पहिल्यांदा फसलो ते तिथेच.

खिंडीच्या अलीकडे रात्री दरड आली होती. पोकलेन काम करत होतं, समोर सात-आठ गाड्या. आम्ही उतरलो. रस्त्याकडेला डांबराच्या पिंपाखाली जाळ केलेला आणि त्याभोवती पाच-सहा मजूर हात शेकत उभे. डोळे सोडले तर तोंडं फडक्याने घट्ट बांधलेली. एकाच्या पायात गमबूट होते, दोन्ही वेगवेगळ्या मापाचे. मेहुण्याने शेंगदाण्याची चिक्की काढली.

"कहाँ से हो भैया?"

"दुमका."

"कब तक रहोगे?"

"बरफ गिरने तक."

झारखंडातल्या दुमक्याहून इथे मजूर येतात, वर्षानुवर्षं येतात. सीमा रस्ते संघटनेच्या पिवळ्या पाट्यांवरची चुरचुरीत वाक्यं सगळे टिपून घेतात, रस्त्यावर डांबर कोण ओततं ते सहसा कुणी लिहीत नाही. पाऊण तास बोललो, त्यातला अर्धा वेळ मक्याच्या पिकाबद्दल. त्या दुमकावाल्याच्या गावात पाऊस सुरू झाला होता आणि पेरणी धाकट्या भावावर सोडून तो इथे आला होता.

याच खिंडीखालून शिंकू लाचा बोगदा होतोय. ४.१ किलोमीटर, जुळ्या नळ्यांचा, सुमारे १५,८०० फुटांवर. पुरा झाला की जगातला सर्वांत उंचावरचा रस्त्याचा बोगदा. पहिला सुरुंग २६ जुलै २०२४ ला पंतप्रधानांनी द्रासमधून, दूरवरूनच, उडवला. आम्हाला दिसले ते डंपर, पत्र्याच्या शेड आणि धूळ. एवढ्या उंचीवर दहा पावलं भराभर चाललो तरी माझा श्वास लागत होता. तिथे माणसं पाळीपाळीने डोंगर फोडताहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला. नाले दुपारच्या आत ओलांडा. सकाळी घोटाभर असलेलं पाणी ऊन चढलं, बर्फ वितळलं की मांडीला लागतं. दरडीपायी आमचे दोन तास गेले आणि खिंड उतरून पलीकडच्या मोठ्या नाल्याशी पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. पुढे एक छोटी मोटार पाण्यात बंद पडलेली, बॉनेटवरून लाट जातेय. सगळ्यांनी मिळून दोरीने ती ओढली, मग आमची गाडी पार झाली. बायको काही बोलली नाही, पण पलीकडे पोचल्यावर तिने माझ्या हातातून वेळापत्रकाचा कागद घेतला आणि घडी करून पर्समध्ये ठेवून दिला. तो परत बाहेर आला नाही. छोटी मोटार घेऊन येऊच नका. उंच बांध्याची गाडी, आणि या रस्त्याचा चालक.

त्या दिवशी पदूमऐवजी पुरनेतच मुक्काम पडला. वाटेत गोंबो रंगजोन लागला: सपाट खोऱ्यातून एकटाच उठलेला, देवळाच्या गाभाऱ्यासारखा डोंगर. पुरनेला त्साराप आणि कार्गयाक या नद्यांचा संगम आहे, चार-दोन घरं, वाटाणा आणि जवाची शेतं. होमस्टेत माणशी बाराशेत जेवण, नाश्ता, गोधड्या. फुकताल मठाला जायचं असेल तर इथून पायी दोन-अडीच तास धरा. गुहेच्या तोंडाशी मधमाशांच्या पोळ्यासारखा चिकटलेला मठ आहे. आम्ही दुसऱ्या दिवशी पहाटे गेलो. कार्यक्रम मोडल्याचा हा फायदा.

घरच्या आमा-ले, म्हणजे आईसाहेब, साठीच्या असाव्यात. मुलगा लेहला शिकला. लहानपणी हिवाळ्यात त्याला गोठलेल्या झांस्कर नदीवरून, म्हणजे 'चादर'वरून, चालत नेलं होतं. आपल्याकडे त्या चादरीचा ट्रेक विकतात. त्यांना ती एकच वाट होती. २०१५ चा पूरही त्यांनी सांगितला. डोंगर कोसळून नदी तुंबली, मोठं तळं झालं आणि मे महिन्यात ते फुटून खालचे पूल वाहून गेले. डोंगर फोडायच्या गोष्टी चालल्या की त्यांना तो पूर आठवतो. मी विचारलं, बोगदा झाला की बरं होईल ना? त्या म्हणाल्या, होईल, हिवाळ्यात दवाखाना गाठता येईल. मग लोण्याचा चहा ओतता ओतता हसून म्हणाल्या, "फिर आप लोग यहाँ रुकोगे? सीधा पदूम जाओगे." माझ्याकडे उत्तर नव्हतं. नाला भरला नसता तर आम्हीही थांबलो नसतो.

पदूम बारा हजार फुटांवर आहे. बाजार, बँक, दवाखाना आणि पुष्कळ नवी बांधकामं. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने लडाखात पाच नवे जिल्हे जाहीर केले, त्यात झांस्कर आहे. आत्तापर्यंत लहानसहान कामासाठीही कारगिल गाठावं लागायचं. एटीएम आहे, पण त्यावर भिस्त नको, रोकड मनालीतूनच घ्या. मोबाइल फक्त पोस्टपेड चालतो, महाराष्ट्राचं प्रीपेड कार्ड लडाखात आणि काश्मिरात मुकं होतं. झांस्करला भारतीयांना पर्मिट लागत नाही. मनालीला भाड्याने घेतलेली मोटारसायकल घेऊन पुढे लडाखभर हिंडायचा बेत असेल तर तो सोडा, स्थानिक संघटना बाहेरच्या भाड्याच्या गाड्या अडवतात आणि वाद घालून उपयोग होत नाही. आम्ही पदूमला गाडी बदलली.

पदूम-कारगिल सुमारे २३० किलोमीटर, राष्ट्रीय महामार्ग ३०१. दोनपदरीचं काम तुकड्यातुकड्याने चाललंय. काही पट्टे असे की आमचा महामार्ग आठवून लाज वाटावी, आणि मग एकदम खडी. पेन्झी लावरून द्रांग-द्रुंग हिमनदी दिसते, रस्त्यापासून इतकी जवळ की मेहुण्याला ती खोटी वाटली. खाली रंगदुमचं पठार, मग पार्काचिकपर्यंत हाडं खिळखिळी. एका दिवसात जमतं, पण रंगदुमला मुक्काम करा. सुरू खोऱ्यातून नून आणि कून ही सात हजार मीटरवरची जोडशिखरं सकाळच्या उन्हात बघायची असतील तर दुसरा उपाय नाही. कारगिलला पोचलो तेव्हा मोहरम सुरू झाला होता. बाजारभर काळे झेंडे, रस्त्यात सरबताचे तंबू. आमच्या गाडीच्या काचेतून तीन पेले आत आले, पैसे घ्यायला तयार नाहीत.

शेवटचा टप्पा झोजिलाचा. ११,५७५ फूट म्हणजे शिंकू लापुढे बुटका, पण दरारा त्याचाच. १ नोव्हेंबर १९४८ ला याच खिंडीत भारतीय सैन्याने रणगाडे चढवले. इतक्या उंचीवर रणगाडे येतील हे समोरच्या पाकिस्तान्यांच्या स्वप्नातही नव्हतं. आजही एक बाजू कडा, एक बाजू दरी, मध्ये चिखल आणि ट्रकांची रांग. पूर्वी खिंड हिवाळ्यात पाच-सहा महिने बंद असायची. २०२५ मध्ये ती फक्त ३२ दिवस बंद राहिली, १ एप्रिलला उघडली. हे बोगद्याविना, निव्वळ बर्फ कापणाऱ्या यंत्रांच्या आणि ती चालवणाऱ्यांच्या जोरावर. बालटाल आणि मीनामर्गदरम्यानचा बोगदा मात्र १३ किलोमीटरहून लांब आहे, २०२० च्या ऑक्टोबरात सुरू झालाय आणि मुदत एकदा २०२६ होती ती २०२८ वर गेलीय. मुदतवाढीवर हसायचा अधिकार चिपळूणकराला नाही.

वाहतूक इथे वेळापत्रकाने सोडतात, कधी एकेरी. आदल्या संध्याकाळी कारगिलच्या पोलिसांकडे विचारा, हॉटेलवाल्याच्या शब्दावर जाऊ नका. आम्ही गेलो आणि द्रासच्या पुढे साडेतीन तास बसलो, कार्यक्रम दुसऱ्यांदा मोडला तो इथे. त्यात ३ जुलैपासून अमरनाथ यात्रा. बालटाल हा यात्रेच्या दोन तळांपैकी एक असल्याने सोनमर्ग भागात यात्रेच्या ताफ्यांना आधी वाट. जुलैत जाणाऱ्यांनी इथे एक दिवस जादा ठेवा.

खाली सोनमर्गचा नवा बोगदा, साडेसहा किलोमीटर, १३ जानेवारी २०२५ ला खुला झालेला. म्हणजे आमच्या कोकण रेल्वेच्या करबुडे बोगद्याएवढा. हिमकड्यांमुळे सोनमर्ग हिवाळ्यात तुटायचं, ते आता तुटत नाही. याच बोगद्याच्या कामावरच्या सात जणांना, एका डॉक्टरांसह, ऑक्टोबर २०२४ मध्ये गगनगीरच्या वसाहतीत अतिरेक्यांनी मारलं. आमची गाडी तिथून ऐंशीच्या वेगाने गेली.

श्रीनगरहून परतीला वंदे भारत घ्या. ६ जून २०२५ ला सुरू झालेली, कटऱ्यापर्यंत तीन तास, साधं भाडं २०२५ मध्ये सातशेच्या घरात. स्टेशनात सामानाची कसून तपासणी होते, दीड तास आधी पोचा. आम्ही गेलो तेव्हा ती कटऱ्यापर्यंतच जायची, तिथे उतरून पुढची गाडी बदलावी लागली. बदलायची असेल तर मध्ये चार-पाच तास ठेवा. या मार्गातला कटरा-धरम हा सर्वांत अवघड भाग बांधायची जबाबदारी कोकण रेल्वे महामंडळाकडे होती, नदीपात्रापासून ३५९ मीटर उंचीचा चिनाबचा पूलही त्यातच येतो. डब्यात मी हे मोठ्याने सांगितल्यावर समोरच्या पंजाबी काकूंनी मला थेट इंजिनिअरच करून टाकलं. आता लेहपर्यंतची रेल्वेही कागदावर आहे: बिलासपूर-मनाली-लेह, ४८९ किलोमीटर, त्यातले २७० बोगद्यात, खर्चाचा अंदाज १ लाख ३१ हजार कोटी. मेहुण्याने तेवढ्यात हिशेब केला की ती सुरू होईल तेव्हा तो ज्येष्ठ नागरिक असेल, आणि मग आठवलं की त्या सवलती तर बंद झाल्यात.

चिनाबचा पूल म्हणाल तर गाडीतून तो दिसतच नाही. कठडा दिसतो आणि मग एकदम खोल काहीतरी. पूल बघायचा तर कटऱ्याहून टॅक्सी करून रियासीच्या बाजूला जावं लागतं, त्याला अर्धा दिवस हवा. आमच्याकडे तो होता, झोजिलाखाली खर्च झाला.