गोम्फिडची अख्खी लेंडी अखेर हाती लागली

सापडली! परळी खोऱ्यातल्या ओढ्यावरच्या गोम्फिडची, म्हणजे वाळूत पुरून राहणाऱ्या चतुराच्या लार्व्ह्याची, न फुटलेली लेंडी काल रात्री फोल्डस्कोपखाली (कागदी सूक्ष्मदर्शकाखाली) घातली आणि बघता बघता बेटिड कुळातल्या मेफ्लाय या पाणकिड्याची नखी समोर आली. आतल्या कडेला करवतीसारखी दातांची ओळ. शेजारी कायरोनोमिडचं (डासासारख्या माशीच्या अळीचं) तपकिरी डोकं, हनुवटीचे दातसुद्धा शाबूत. अर्धा तास डोळा काढला नाही.

चतुराचा लार्व्हा भक्ष्य चावून खातो. भक्ष्याच्या कवचातलं कायटिन पचत नाही, ते पातळ पापुद्र्यात गुंडाळून बाहेर पडतं. पोट न फाडता जेवण कळतं, म्हणून तर मी या लेंड्यांच्या मागे आहे. पाणविंचू किंवा डिप्लोनिकस या पाणढेकणाकडून ही माहिती मिळत नाही. ते सोंडेने पाचक रस आत सोडतात आणि विरघळलेलं शोषून घेतात, ओळखण्यासारखं काही उरतच नाही.

इतके दिवस घोडं अडलं होतं ते वाळूपाशी. टाचण्यांचे (चतुरांच्या सडपातळ भाऊबंदांचे) लार्व्हे काडीला धरून निवांत बसतात, लेंडी तळाला पडते, उचलली की झालं. गोम्फिडचं तसं नाही. त्याला पुरून घ्यायचं असतं, फक्त शेपटाचं टोक वर. वाळू दिली की लेंडी वाळूत, तीही त्याच रंगाची. चहाच्या गाळणीने गाळलं तर पापुद्रा फुटतो आणि तुकडे वाळूत मिसळतात. जाड खडी टाकली तर त्याला पुरता येईना. नुसता रिकामा कप दिला तर रात्रभर कडेने फिरत राहिला. मत्स्यालयाच्या दुकानातली रंगीत वाळू तर आणूच नका, पाण्यात रंग सोडते.

तोडगा निघाला जुन्या मच्छरदाणीतून. नायलॉनच्या जाळीची दुहेरी घडी पांढऱ्या आइस्क्रीम कपाच्या तळाशी ठेवली. लार्व्हा घडीत शिरला, पाय आखडले आणि शांत बसला! अंगाला दोन्ही बाजूंनी काहीतरी टेकलं की त्याला तेवढं पुरेसं होतं, असं मला आता वाटतंय. सकाळी पांढऱ्या तळावर लेंडी स्वच्छ दिसली. रुंद तोंडाच्या ड्रॉपरने उचला, चिमट्याने नको. कप माठाखालच्या ओल्या वाळूत रोवून ठेवतो, साताऱ्याच्या उन्हाळ्यातही पाणी गार राहतं.

स्लो-मोशनमध्ये शिकार टिपायचाही विचार होता, त्याचं थोडक्यात. सेकंदाला २४० फ्रेमवर मुखवट्याचा (भक्ष्य पकडायला झटक्यात पुढे येणाऱ्या खालच्या ओठाचा) फटका जेमतेम काही फ्रेममध्ये संपतो. हा फटका फक्त पोटातल्या पाण्याच्या दाबावर चालतो असं पूर्वी मानत. २०२१ मध्ये कील विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यामागे ताणून सोडलेल्या स्प्रिंगसारखी यंत्रणा दाखवली. बघायला फार देखणं आहे, पण जेवणात काय होतं ते लेंडीच सांगते. त्यामुळे ट्रायपॉडचा खर्च तूर्त रद्द.

एक सावधगिरी हवीच. गांडूळवर्गातल्या किड्यांचे मऊ अंग विरघळून जाते, उरतात बारीक केस. ते मोजले नाहीत तर सगळा हिशेब मेफ्लायच्या बाजूने झुकेल.

पुढे दिवस-रात्रीची तुलना करायची होती. नजरेने शिकार करणारे मासे असले की मेफ्लाय बहुतेक अंधारातच प्रवाहात सुटतात, मग गोम्फिडचं ताटही रात्रीच भरत असेल का? पण लेंडी बाहेर पडायला तास लागतात, कप बदलून ते कळणार नाही. लार्व्हे पहाटे आणि संध्याकाळी ओढ्यावरूनच उचलायला हवेत.

आणि हे लिहिता लिहिताच सुचलं: खालच्या डोहात डोक मासे आहेत, धबधब्याच्या वरच्या टप्प्यात मला मासा कधी दिसला नाही. दोन्हीकडचे लार्व्हे, तीच पहाट, तीच जाळी. दिवस-रात्र नंतर बघू, आधी हेच. हेप्टाजेनिड (मेफ्लायचं आणखी एक कूळ) यांच्या नख्यांचे चांगले फोटो कुणाकडे असतील तर पाठवा, ओळखायला उपयोगी पडतील.