पूलचा आकडा डेटाबेसकडून मोजत यायचा

वाइल्डफ्लाय या जावाच्या ॲप्लिकेशन सर्व्हरवर पूल (म्हणजे आधीच तयार ठेवलेली, ठरावीक संख्येची डेटाबेस कनेक्शन किंवा ‘बीन’, म्हणजे काम करणारे जावा ऑब्जेक्ट) संपला की पहिली सूचना ठरलेली असते: मॅक्स, म्हणजे कमाल आकडा, वाढवा. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट मागतात ना, तसं. पण इथल्या बीनच्या पूलच्या नावातच ‘स्ट्रिक्ट मॅक्स’ आहे, सरकून कोणी बसत नाही. शिवाय चौथी सीट द्यायचीच, तर तिचा खर्च डेटाबेसच्या माथी पडतो. म्हणून हिशोब तिकडून सुरू करावा.

ऑफिस अंधेरीला आणि डेटाबेस ऐरोलीच्या डेटा सेंटरमध्ये, असं एखाद्या ब्रोकरचं बॅक-ऑफिस धरू. पोस्टग्रेस हा डेटाबेस मूळ सेटिंगवर १०० कनेक्शन देतो, त्यातली ३ सुपरयूजरसाठी राखीव. उरली ९७. बॅकअप, मॉनिटरिंग आणि डीबीएची (डेटाबेस सांभाळणाऱ्याची) हातची कामं यांना १२ सोडली की ८५. नोड (वाइल्डफ्लाय चालवणारे सर्व्हर) ४, पण भागायचं ५ ने, कारण एकेक नोड बदलताना जुना पुरता बंद व्हायच्या आधीच नवा उभा राहतो. ८५ भागिले ५, म्हणजे प्रत्येक नोडला १७. हा झाला डेटासोर्सचा, म्हणजे कनेक्शनच्या पूलचा, मॅक्स-पूल-साइझ. काही लिहिलंच नाही तर तो २० असतो. पाच नोडांचे १००, आणि नेमकं डिप्लॉयमेंटच्या वेळी पोस्टग्रेस ‘उरलेल्या जागा राखीव आहेत’ म्हणून दार लावतो.

आता वरून पाहू. वर्करच्या (विनंत्या हाताळणाऱ्या थ्रेडच्या संचाच्या) कमाल थ्रेड मूळ सेटिंगने सीपीयूच्या १६ पट असतात. ४ सीपीयूला ६४. स्टेटलेस बीनचा पूल या थ्रेडवरूनच आपला आकार काढतो (डिराइव्ह-साइझ, फ्रॉम-वर्कर-पूल्स). म्हणजे बीन ६४ आणि कनेक्शन १७. एवढ्याने बिघडत नाही: बाकीचे थ्रेड थोडा वेळ थांबतात आणि मोकळं झालेलं कनेक्शन उचलतात.

बिघडतं ते ‘रिक्वायर्स न्यू’मुळे, म्हणजे ‘चालू व्यवहार बाजूला ठेवून नवा उघड’ या सेटिंगमुळे. एका बीनने व्यवहार (डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन) उघडून कनेक्शन घेतलं, मग ऑडिट नोंदीसाठी दुसऱ्या बीनला हाक मारली आणि तिथे रिक्वायर्स न्यू आहे. पहिलं कनेक्शन हातातच, वर दुसरं हवं. असे १७ थ्रेड एकदम आले की सतराही कनेक्शन पहिल्या हातात अडकतात आणि सगळे अठराव्याची वाट बघत बसतात. डेटाबेस निवांत, सीपीयू निवांत, आणि लॉगमध्ये आयजे०००६५५ ची (‘वेळेत कनेक्शन मिळालं नाही’ या त्रुटीची) रांग. हा ‘लोड’ नव्हे, सरळ कोंडी आहे.

कोंडी होऊ नये म्हणून किती कनेक्शन लागतात? थ्रेड गुणिले (एका थ्रेडला लागणारी कनेक्शन वजा १), अधिक १. ६४ थ्रेड, प्रत्येकी २, म्हणजे ६५. तेवढी देता येत नाहीत, तर सूत्र उलटं फिरवा. ज्या बीनमधून पहिलं कनेक्शन घेतलं जातं, फक्त त्याच्यासाठी १६ ऑब्जेक्टचा वेगळा स्ट्रिक्ट पूल करा. १६ अधिक १, बरोबर १७. एक कनेक्शन कायम फिरतं राहतं आणि कोंडी होतच नाही. पूलचं नाव बीनवर ॲनोटेशनने द्या किंवा ॲप्लिकेशनच्या जेबॉस-ईजेबी३ एक्सएमएल फाइलमध्ये लिहा. मात्र या बीनला हाक मारणाऱ्याने आधीच कनेक्शन धरलेलं नसावं, नाहीतर मर्यादा चुकीच्या दारावर बसते.

हे आकडे स्टँडअलोन एक्सएमएल (सर्व्हरची कॉन्फिग फाइल) उघडून हाताने लिहू नका. सर्व्हर चालू असताना केलेली दुरुस्ती, कन्सोलवरून पुढचा कुठलाही बदल झाला की पुसली जाते, कारण सर्व्हर ती फाइल स्वतःच्या मेमरीतून नव्याने लिहितो. गिटमध्ये सीएलआय (वाइल्डफ्लायच्या कमांड-लाइनची) स्क्रिप्ट ठेवा आणि आकडे प्रत्येक वातावरणाच्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये. ती फाइल देताना ‘रिझॉल्व्ह-पॅरामीटर-व्हॅल्यूज’ चालू करायला विसरलात, तर आकड्याऐवजी डॉलर-कंसातलं चलाचं नाव तसंच सर्व्हरकडे जातं. आमचं मत: आकडा स्क्रिप्ट चालतानाच पक्का होऊ द्या. रात्री दोन वाजता कॉन्फिग वाचणाऱ्याला १७ दिसायला हवा, चलाचं नाव नव्हे.

पूल जोडण्याआधी तो आहे का, हे ‘इफ आउटकम’ने तपासा. नाहीतर दुसऱ्यांदा चालवताना ‘डुप्लिकेट रिसोर्स’वर स्क्रिप्ट अडते. जुन्या पूलला मॅक्स द्यायचा असेल तर आधी डिराइव्ह-साइझ काढून टाका, दोन्ही एकत्र नांदत नाहीत. बदल ‘बॅच’ आणि ‘रन-बॅच’च्या मध्ये ठेवा, म्हणजे एक ओळ फसली की सगळंच मागे फिरतं. उत्तरात ‘रीलोड-रिक्वायर्ड’ आलं तर रीलोड होईपर्यंत काम अर्धवट आहे असं समजा. (वेबस्फिअर या दुसऱ्या ॲप्लिकेशन सर्व्हरवाल्यांचा सापळा वेगळा: शेवटी ॲडमिन-कॉन्फिगचा सेव्ह राहिला तर काहीच बदलत नाही, येतो फक्त एक इशारा.)

थांबण्याच्या वेळाही मूळच्या ठेवू नका. मूळ सेटिंगने कनेक्शनसाठी ३० सेकंद, बीनसाठी ५ मिनिटं. ५ मिनिटं स्क्रीनकडे बघत बसणारा माणूस मुंबईत सापडायचा नाही, तो पुन्हा क्लिक करतो आणि रांग दुप्पट होते. दोन्हींना ५ सेकंद पुरेत.

बाजार साडेतीनला बंद होतो, प्री-ओपन (बाजार उघडण्याआधीचं सत्र) सकाळी ९ ला. मधल्या शांततेत फायरवॉल रिकामी कनेक्शनं गुपचूप टाकून देतो, पूलला मात्र ती जिवंत वाटतात. अशा मेलेल्या कनेक्शनवर गेलेली क्वेरी लिनक्सच्या मूळ सेटिंगने पंधराएक मिनिटं लटकू शकते. आयडल-टाइमआउट (रिकामं कनेक्शन किती वेळाने काढून टाकायचं तो वेळ) मूळचा ३० मिनिटं, पण झाडू मारणारा थ्रेड त्याच्या निम्म्या वेळाने फिरतो, म्हणजे कनेक्शन ४५ मिनिटांपर्यंत पडून राहू शकतं. फायरवॉल ३० मिनिटांचा असेल तर आयडल १५ ठेवा, वाईटात वाईट साडेबावीस होतात. सोबत दर १० मिनिटांनी बॅकग्राउंड व्हॅलिडेशन (कनेक्शन जिवंत आहे का याची तपासणी), मिन-पूल-साइझ ८ आणि प्रीफिल (तेवढी कनेक्शनं आधीच उघडून ठेवणं) चालू. मिन मूळचा शून्य असतो, त्यामुळे ९ वाजता सगळे एकदम नवी कनेक्शनं उघडायला धावतात.

स्टॅटिस्टिक्स चालू करून ९:२० ला आणि ३:३० ला मॅक्स-यूज्ड, मॅक्स-वेट-टाइम आणि ब्लॉकिंग-फेल्युअर हे तीन आकडे वाचा. मॅक्स-यूज्ड १७ दिसला म्हणून घाबरू नका. ब्लॉकिंग-फेल्युअर शून्य आणि वाट बघणं काही मिलिसेकंदांचं, तर पूल आपलं काम करतोय. ब्लॉकिंग-फेल्युअर वाढत असेल तर आधी क्वेरी आणि व्यवहाराची लांबी बघा. डेटाबेस दुसऱ्या सर्व्हरवर गेल्यावर पूल रिकामा करायची स्क्रिप्ट वेगळी ठेवा, आणि तिच्यात ‘फ्लश-ग्रेसफुली’ लिहा. ‘फ्लश-ऑल’ चालू व्यवहारांसकट सगळी कनेक्शनं तोडतो.