तुम्ही विचारलंत म्हणून: टीबी कोणाकडून आला?

टीबीच्या लॅबमध्ये काम करते म्हटलं की ठाणे-वाशी लोकलमधल्या मैत्रिणींपासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत सगळे फिरूनफिरून एकच विचारतात, "हा कोणाकडून आला, ते तपासून सांगता येतं का हो?"

कोणाकडून आला नाही, हे बऱ्यापैकी ठामपणे सांगता येतं. कोणाकडून आला, हे क्वचितच.

त्याचं कारण जंतूच्या स्वभावात आहे. टीबीचा जंतू भलताच आळशी. एकाचे दोन व्हायला त्याला वीसेक तास लागतात, म्हणून तर कल्चरच्या, म्हणजे जंतू लॅबमध्ये वाढवून बघण्याच्या, रिपोर्टला आठवडे जातात. त्याचा डीएनए म्हणजे सुमारे 44 लाख अक्षरांची पोथी. नक्कल उतरवताना चूक होते, पण साधारण दोन वर्षांत एखाद्याच अक्षराची. म्हणून दोन रुग्णांच्या जंतूंच्या पोथ्या शेजारी ठेवून फरक मोजायचा. पाच किंवा त्याहून कमी अक्षरांचा फरक असेल तर लागण अलीकडची, एकाच साखळीतली असण्याची शक्यता मोठी. बारापेक्षा जास्त असेल तर थेट संबंध जवळजवळ नाहीच. हे ब्रिटनमधल्या अभ्यासातून आलेले अडाखे आहेत, दगडावरची रेघ नव्हे.

1990 च्या दशकात अख्खी पोथी वाचणं परवडत नव्हतं. तेव्हा आयएस-6110 नावाचा एक तुकडा डीएनएमध्ये कुठे कुठे आणि किती वेळा बसलाय, त्याचा ठसा घेत. सॅन फ्रान्सिस्कोत त्यावरून कळलं की जुनाच आजार उफाळला असं समजत होते, त्यातले बरेच रुग्ण ताज्या लागणीचे होते. आपल्याकडे गंमत अशी, की दक्षिण भारतातल्या पुष्कळ जंतूंमध्ये हा तुकडा एकदाच असतो, नाहीतर मुळीच नसतो. मग ठसा उमटणार कशाचा?

आता किसननगरची गोष्ट. माझ्या मावशीची सून रबाळ्याला एमआयडीसीत कामाला जाते. आधी तिला टीबी निघाला, दोन महिन्यांनी काकांना, म्हणजे तिच्या सासऱ्यांना. झालं! "हिनेच बाहेरून आणला." तिचा कप वेगळा, ताट वेगळं. टीबी हवेतून पसरतो, कपातून नाही, हे मी सांगितलं. ऐकलं कोणीच नाही. आणि काकांच्या छातीत तीस वर्षांपूर्वी पाणी झालं होतं, हे त्या घरात फक्त मला आठवत होतं. तेव्हाचा निजलेला जंतू उतारवयात जागा होऊ शकतो. दोघांच्या पोथ्यांत शंभर अक्षरांचा फरक निघाला असता, तर बिचारी त्याच दिवशी सुटली असती.

पण ती तपासणी झालीच नाही. नेहमीच्या सीबीनॅट तपासणीत जंतू आहे का आणि रिफॅम्पिसिन या टीबीवरच्या मुख्य औषधाला दाद देईल का, एवढंच दिसतं. गोळ्या ठरवायला तेवढं पुरतं, आणि पैसा आधी तिथेच जायला हवा, हे मलाही पटतं. तरी तिच्यापुरतं वाटलं, व्हायला हवी होती.

अर्थात फरक शून्य निघाला असता तर? तर मीही गप्प बसले असते. जंतू इतका हळू बदलतो की देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची पोथी अक्षर न् अक्षर सारखी असू शकते. सुनेने सासऱ्याला दिला, सासऱ्याने सुनेला, की चाळीतल्या तिसऱ्याच कोणी दोघांना, हे अक्षरं सांगत नाहीत. त्यासाठी खोकला आधी कोणाला लागला, कोण कोणाजवळ किती वेळ बसायचं, हे घरोघर जाऊन विचारावं लागतं. आणि तिथे माणसं खोटं बोलतात.

मावशीला हे सगळं समजावलं. ती म्हणाली, "म्हणजे तुमच्या मशीनलापण ठाऊक नाही."

सुनेचे सहा महिने पूर्ण झाले, रिपोर्ट स्वच्छ आला. कप अजून वेगळ्या खिळ्यावरच आहे. मी गेले की चहा त्याच कपातून मागते.